केळीजवळची काकडी

१६ जून, रविवार

नवऱ्याने, प्रशांतने, इतवाऱ्यातून, म्हणजे रविवारच्या बाजारातून, आठवड्याची भाजी आणली. गिलकी इतकी जून की भाजी करण्यापेक्षा अंग घासायला बरी. भेंडी वाकवली तर नुसती वाकते, मोडत नाही. टमाटर पिशवीच्या तळाशी फुटलेले आणि त्यांचा रस मेथीवर. मेथीचं तर जाऊच दे.

जेवताना बोलून टाकलं. बारा एकर जमीन, विहिरीला पाणी, घर मळ्यात, आणि कोथिंबिरीची काडीसुद्धा बुऱ्हाणपूरहून मोटरसायकलवर बसून येते. प्र. म्हणाला, "अरे यार, मिळते ना भाजी, खाओ मजे से." आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ताटातून मान वर केली नाही. "आपन केळीवाले. भाजी पिकवनारे येगळे."

त्यांच्याकडून विषय संपला. माझ्याकडून नाही.

१७ जून

पप्पांना फोन. पेपर मिलच्या कॉलनीत माझं अख्खं लहानपण वाफ्यांत गेलं. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक घराने क्वार्टरमागे काही ना काही लावलेलं असायचं. पप्पा पहिल्या पाळीवरून आले की बूट काढायच्या आधी काकडीचा वेल बघायचे. मम्मी म्हणायची, "मी पण इथेच उभी आहे."

आणि मी? लग्नाला सात वर्षं झाली, सात वर्षांत एक मिरची लावली नाही. पप्पांनी टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "बी आहे. किती पाहिजे तेवढं सांग."

२० जून

बी आलं. मिलच्या रद्दी कागदाच्या पुड्या, वर पप्पांचं बॉलपेनचं अक्षर. "काकडी, मागच्या वर्षीची गोड." "भेंडी, दाट लावू नको." "गंगाफळ, जागा असेल तरच." (म्हणजे लाल भोपळा.) अंबाडी, चवळी, वांगी, मिरची, टमाटर. गिलक्याच्या पुडीवर नुसतं "गिलके". त्याच्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नसावं.

घरामागे धुण्याच्या दगडापासून केळीच्या प्लॉटपर्यंत जी पट्टी पडून होती ती धरली. दोन दिवस खणतेय. हाताला फोड. आबा येता जाता बघतात. आज थांबले. "हे शेत व्हय का खेळनं?"

"खेळणं आबा. तुम्हीही या."

गेले. पण पाठमोरे हसत होते, मी पाहिलं.

२६ जून

उगवलं! काकडी सगळ्यात आधी. माती डोक्यावर घेऊन वर आलीय. ओवीने (माझी लेक, साडेपाच वर्षांची, जगातली सगळ्यात मोठी मालकीण) प्रत्येक कोंबाला सांगितलं, "ये मेरा है, ये भी मेरा है." मग आबांना हाताला धरून ओढत आणलं. ते नुकतेच रोपवाल्यांकडून आले होते. आपल्या केळीची टिश्यूची रोपंही आजच आली, साडेचार हजार. तीन एकराची नवी लागण, थेट माझ्या पट्टीला लागून.

आबा बराच वेळ उभे राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं. बोलले नाहीत. ओवीला म्हणाले, "लय बेस." बस.

एका दिवशी साडेचार हजार रोपं त्यांची आणि चाळीसेक कोंब माझे. तरी झोपताना मला माझ्या चाळिसांचाच विचार.

१ जुलै

काकडीची रोपं जास्त झाली. पप्पांचं एकही बी वाया गेलं नाही. उपटून टाकणार होते तर आई आडव्या आल्या. (सासूबाईंना मी आईच म्हणते. माझी ती मम्मी.) म्हणाल्या, "घरात पयलं आलेलं एकट्यानं ठेवू नई. वानवळा देवा लागतो."

मी म्हटलं, वानवळा फळाचा देतात, रोपाचा नाही. "जीव आला नं त्याले? मंग तेच फळ."

टोपलीत ओलं फडकं घालून चार घरी देऊन आल्या. चारी घरं मळ्यातली, चारी केळीवाली. शेजारच्या मंगलाकाकूंना तर तीन रोपं. परत आल्या तेव्हा चेहरा बघण्यासारखा. या घरात त्यांच्या हातून कोणाला काही द्यायचं तर केळीचा फणा. आणि केळी तर सगळ्यांकडेच.

९ जुलै

प्र. ने मदत केली. म्हणजे वाट लावली. मी माहेरी दोन दिवस गेले तेवढ्यात केळीच्या ठिबकची नळी माझ्या वाफ्यात वळवून गेला. पाण्याबरोबर केळीचं खतही आलं, युरिया आणि काय काय. गिलक्याची पानं आता ताटाएवढी. हिरवंगार, काळंभोर, आणि फूल एक नाही.

"बघ, किती मस्त वाढलंय!"

"पानं खाणार आहेस का?"

केळीवाल्याचा मुलगा. त्याला हिरवं दिसलं की झालं. नळी काढली. आता बादलीने पाणी. आबा ओसरीवरून म्हणाले, "पोटभर दिलं की झाड आळशी होते. मानसासारखं." हे चाळीस वर्षं केळीला खत पाजणारा माणूस बोलतोय.

१४ जुलै

आज सकाळी बघते तर वेलांना मांडव! केळीला टेकू द्यायचे जुने बांबू, वर सुतळीची जाळी. गाठ बघूनच कळलं कोणाची. केळी बांधायची गाठ.

चहा देताना म्हटलं, "आबा, मांडव छान झालाय."

"कोनता मांडव?"

२९ जुलै

भेंडी. सात.

सात भेंड्यांची भाजी पाच माणसांत कशी करायची ते मला विचारा. आधी आईंनी एक देवापुढे ठेवली. राहिल्या सहा. कांदा जास्त घातला. ओवीने तिची भेंडी शेवटपर्यंत ताटाच्या कडेला राखून ठेवली, मग सगळ्यांना दाखवून खाल्ली. प्र. ने दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "ही भेंडी आहे? मग आपण इतकी वर्षं काय खात होतो?"

मला रडू आलं. सात भेंड्यांवर! पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "येतं. मला अजून येतं."

५ ऑगस्ट

पहिली काकडी आबांना दिली. मी चिरायला नेत होते, तर म्हणाले, "आन इकडं." बंडीच्या खिशातून मिठाची पुडी काढली. म्हणजे हा माणूस खिशात मीठ घेऊन फिरत होता! किती दिवसांपासून, देव जाणे. मांडवाखाली उभ्या उभ्या खाल्ली. देठाकडचा तुकडा ओवीला.

मिशीला लागलेलं पाणी पुसलं आणि दुसऱ्या काकडीकडे बघितलं.

८ ऑगस्ट

दुसरा रविवार गेला, इतवाऱ्यातून भाजी आली नाही. प्र. फक्त आलं-लसूण आणायला गेला आणि भाव विचारून आला. आता तो सगळ्यांना भाव सांगतो, जणू भाजी त्याने पिकवलीय.

रोज सकाळी आई परात घेऊन येतात, मी तोडते, त्या मांडतात. अंबाडी एकीकडे, चवळीच्या शेंगा एकीकडे. सात वर्षांत आमचं बोलणं स्वयंपाकापुरतं. आता वाफ्यात बसून त्या स्वतःच्या आईच्या गोष्टी सांगतात. काल म्हणाल्या, "तू आलीस तवा मले वाटलं, क्वार्टरातली पोर, इले माती जमनार नई." मी म्हटलं, मला वाटलं होतं तुम्हाला मी जमणार नाही. दोघी हसलो. ओवी विचारते, "क्यों हँस रहे हो?" सांगितलं नाही.

९ ऑगस्ट, नागपंचमी

आज चिरायचं नाही, खणायचं नाही. कालच तोडून ठेवलेल्या काकड्या सगळ्यांनी दातांनी तोडून खाल्ल्या. ओसरीवर पाचजण रांगेत, कडाम कडाम. फोटो काढायला कोणाचाच हात मोकळा नव्हता.

दुपारी वेलाकडे गेले तर काकडीच्या तिसऱ्या वेलाच्या शेंड्याची पानं बरी दिसेनात. फिकट-गडद डाग, कडा आत मुडपलेल्या. पाठीमागे मावा. ढगाळ हवा आहे आठवडाभर, त्यामुळे असेल.

१० ऑगस्ट

ढगांमुळे नाही.

मोबाइलवर बघितलं. फोटो ताडून बघितले, तीन ठिकाणी. काकडीचा विषाणू. मावा तो रस शोषतो आणि उडून दुसऱ्या झाडावर बसतो. कोणत्या झाडांवर, ती यादी वाचली. भोपळे, टमाटर, मिरची, वांगी, चवळी. आणि केळी. कोवळ्या केळीला सगळ्यात आधी. आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो हाच. पानावर पिवळ्या तुटक रेघा, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, झाड गेलं. औषध नाही. उपटणं हेच औषध.

पुढे एक ओळ होती: केळीच्या बागेजवळ काकडीवर्गीय पिकं घेऊ नयेत. मी बी.एस्सी. झालेय. केळीवाल्यांच्या घरात सात वर्षं काढलीत. आणि बरोबर केळीच्या दारात काकडीचा मांडव.

कोणाला सांगितलं नाही. आईंनी आज काकडीची कोशिंबीर मागितली. केली.

११ ऑगस्ट

अजून सांगितलं नाही. का, ते लिहायला पाहिजे, म्हणून लिहिते. सांगितलं तर सगळं उपटावं लागणार. मांडव, गिलकी, आता कुठे धरलेली वांगी. आईंची सकाळ. आणि आबांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? साडेचार हजार रोपं म्हणजे त्यांचं पुढचं अख्खं वर्ष.

एक विचित्र गोष्ट. काल जी डागाळलेली पानं मोजून ठेवली होती ती आज वेलावर नाहीत. शेळी आली म्हणावी तर खुडलेलं स्वच्छ. मनातून बरं वाटलं, हेही लिहिते. वाटलं, डाग नाहीत म्हणजे रोग नाही. बी.एस्सी.!

१३ ऑगस्ट

आज सगळं बाहेर आलं.

झुंजुमुंजू होताना मागचं दार वाजलं. बघते तर आबा मांडवाखाली उकिडवे. चष्मा नाकावर, एकेक पान उलटं करून बघतायत, खुडतायत, बंडीच्या खिशात कोंबतायत. तोच मिठाचा खिसा.

"आबा, काय करताय?"

दचकले. "काई नई. बंबाले पानं."

ओली पानं बंबाला! मला हसू आलं, मग आलं नाही. म्हटलं, "आबा, मला माहीत आहे ते काय आहे. चार दिवस झाले. मी बोलले नाही." एका दमात बोलले, नाहीतर परत गिळलं असतं.

ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मले बी मालूम हाये. मले तं जूनपासून मालूम हाये."

रोपं आणायला गेले तेव्हाच रोपवाल्या साहेबांनी बजावलं होतं. केळीजवळ काकडी नको, भोपळा नको, टमाटर नको. तेच सांगायला ते त्या दिवशी वाफ्यावर आले होते.

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलू व? ओवीनं हाताले धरून नेलं. तू अशी बसेल व्हती मातीत, पोरीसारखी हासू राह्यली व्हती." मग थांबून, "चाळीस वर्सं केळी काढली. टरक भरभरून दिल्लीले गेली. पन घरच्या ताटात माह्या हातचं काई कधी आलं नव्हतं. मले वाटलं, पाच वेल हायेत, मी पाहीन त्याहिले. बिमार पान खुडलं की झालं. येडेपना व्हता."

मी मातीतच बसले आणि रडले. तेही डोळे पुसत होते, त्याच हातांनी, आणि मी ओरडले, "हात धुवा आधी!" कारण तोच रस हातावरून केळीत गेला असता. मग दोघं धुण्याच्या दगडापाशी साबणाने हात धूत बसलो, शाळेतल्या पोरांसारखे.

ते लपवत होते माझ्यासाठी. मी लपवत होते त्यांच्या भीतीने. आणि मावा कोणासाठी थांबला नाही.

१४ ऑगस्ट

उपटलं. काकडी, गिलके, गंगाफळ, टमाटर, वांगी, मिरची, चवळी. साहेबांना फोन करून विचारलं, त्यांनी ही यादी दिली. आधी माव्यावर फवारा, मग उपटणं, पोत्यात भरून जाळणं. नाहीतर उपटताना मावा उडून थेट केळीत. अंबाडी, भेंडी आणि धुण्याच्या दगडापाशी लावलेलं अळू राहू द्या म्हणाले.

प्र. आधी भडकला. "दोघांना माहीत होतं और मुझे किसी ने नहीं बताया?" बरोबर आहे त्याचं. मग तोच सगळ्यात जास्त वेळ राबला. गंगाफळाला एक फळ होतं, नारळाएवढं. ते हातात घेऊन उभा राहिला. आई म्हणाल्या, टाक. टाकलं.

ओवीला काय सांगायचं ते कोणालाच सुचलं नाही. आबांनी सांगितलं, "झाडाले ताप आला व्हता." ती म्हणाली, "तो दवाई दो ना." आबा म्हणाले, "याची दवाई अजून आली नई, बेटा." मांडव मात्र त्यांनी सोडला नाही. नुसते बांबू उभे आहेत.

१५ ऑगस्ट

त्या चार घरांचं काय? हे मला आज सुचलं, ओवीला झेंडावंदनाला सोडून येताना. बारा-तेरा रोपं आपल्या घरून गेली. चारी घरांना लागून केळी.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिलेलं मांगाले जावा लागीन."

१६ ऑगस्ट

आईंनी चांगलं लुगडं नेसलं. मी येते म्हटलं तर, "नको. दिलं मी, मांगीन बी मीच." मग दाराशी थांबल्या. "नई, तू ये. तुले रोगाचं नाव सांगता येते."

तीन घरी ऐकलं. एका काकांनी तर लगेच आमच्यासमोर उपटून पेटवलं आणि चहा पाजला. चौथ्या मंगलाकाकू. त्यांच्या वेलाला पाच काकड्या लागलेल्या, न्हाणीच्या छपरावर चढवलेला. पान मला तरी स्वच्छ दिसलं. काकू म्हणाल्या, "देऊन परत घेतं का कोनी? माहेरची ओटी बी अशी परत मांगसान का?"

आईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी रोग, मावा, केळी, सगळं सांगत राहिले. काकू आत निघून गेल्या.

परत येताना आई म्हणाल्या, "सत्तावीस वर्सांचा शेजार." एवढंच.

१८ ऑगस्ट

मंगलाकाकू आल्या. दारात पाचही काकड्या ठेवल्या. "उपटलं. यांनी रात्रंदिवस डोकं खाल्लं माहं, केळी जाईन केळी जाईन." मग आईंकडे न बघता, "फळाले काई व्हत नई म्हने. कोशिंबीर कर. मी बी बसते."

बसल्या. खाल्ली. भांडण कोशिंबिरीबरोबर संपलं की नाही माहीत नाही, पण वाटी चाटून गेल्या.

२४ ऑगस्ट

आला. केळीत.

सकाळी आबांना माझ्या पट्टीकडच्या दुसऱ्या ओळीत तीन झाडं सापडली. पानावर पिवळ्या रेघा, तुटक तुटक. मुळासकट काढून खड्ड्यात. मला दाखवायला नेलं नाही. प्र. ने सांगितलं.

मी विचारलं, माझ्या वाफ्यामुळे? तो म्हणाला, "नाल्यापलीकडच्या शिवारात पण आलाय, तिकडे कोणाचा वाफा नव्हता. अब क्या बोलें." समजूत घालत होता. पटलं अर्धं.

२५ ऑगस्ट

अजून आठ.

आबांना जेवण गेलं नाही. मी ताट उचलायला गेले तर म्हणाले, "उद्या सकाळी तू चाल संगं."

"कुठे?"

"केळीत. माह्या डोयाले बारीक रेघ दिसत नई आता. तुले दिसते."

या घरात बायका केळीत जातात त्या डबा घेऊन. आईंनी ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. निजायच्या आधी बघते तर माझ्या चपलांच्या जागी आईंनी स्वतःचे चिखलाचे बूट काढून ठेवलेले.

३० ऑगस्ट

पाच दिवस रोज. मी डावी ओळ, आबा उजवी. सुरुवातीला मला प्रत्येक पानावर रोग दिसायचा. आबा शिकवतात. ही रेघ खताच्या कमतरतेची, ही वाऱ्याने फाटलेली, ही काही नाही, झाडाची सवय. पोंगा हातात कसा धरायचा, न मोडता. एका झाडाशी थांबून म्हणाले, "हे जरा लाजरं हाये." साडेचार हजार झाडं, आणि त्यातलं एक लाजरं!

मग लक्षात आलं. मी माझ्या चाळीस कोंबांना ओळखत होते तसे ते यांना ओळखतात. भाजी पिकवणारे वेगळे नव्हतेच कधी.

या पाच दिवसांत आणखी सहा झाडं काढली. कमी होतायत असं म्हणवत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

इतवाऱ्यातून भाजी आली. दोडके. आई आणि मी बसून निवडले. प्र. ने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "ठीक है." आबांनी वरण-भात खाल्ला.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. आई दरवर्षी हा उपास बाजारच्या भाजीवर करतात. "आता बजारात कुठं कळते बैल व्हता का टरॅक्टर," असं म्हणत. यंदा सकाळीच परात घेऊन माझ्याआधी वाफ्यात. जे राहिलंय ते: अंबाडी, अळू, मूठभर भेंडी. माझ्या हाताने खणलेल्या मातीतलं. फोड आलेले तेव्हा.

ऋषीची भाजी तीनच भाज्यांची झाली. पाहिजेत जास्त. आई वाढताना म्हणाल्या, "वैशाली, ऋषी रागावले तं तुह्यं नाव सांगीन." आणि माझ्या पानात आधी वाढलं. मी लग्न होऊन आल्यापासून या घरात माझ्या पानात कोणी आधी वाढलेलं आठवत नाही.

११ सप्टेंबर

आठ दिवस एकही नवीन रोगट झाड नाही. साहेब म्हणतात, अजून महिनाभर डोळ्यात तेल घालून. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

आज मी मधल्या ओळीत होते, आतापर्यंत रोग न पोचलेल्या भागात. एका झाडाचं तिसरं पान. देठाकडून टोकाकडे पिवळी रेघ. तुटक? अर्धी तुटक. ऊन त्यावर तिरपं पडलेलं. उन्हामुळे असेल. खताची कमतरता असेल. वळून बघितलं, आबा दहा-बारा झाडं पुढे होते, पाठमोरे, पोंगे चाचपत. रोग आल्यापासून आज पहिल्यांदा ते शीळ घालत होते.

मी लगेच हाक मारली. "आबा!"

शीळ थांबली. आले. चष्मा वर केला, पान उजेडासमोर धरलं. उलटं केलं. परत सुलटं. बराच वेळ. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिथे काही लिहिलेलं असेल म्हणून. मग पान तसंच हातात धरून त्यांनी मला विचारलं,

"तुले काय वाटते?"

मला. मी परत पाहिलं, नीट, घाई न करता. म्हटलं, "आबा, मला नक्की सांगता येत नाही."

"मले बी," म्हणाले.

झाडाला सुतळी बांधून ठेवलीय. उद्या सकाळी परत बघायचं, दोघांनी.